खिळा कुठे ठोकायचा

३ डिसेंबर

हो म्हणून बसले! कोणी सांगितलं होतं मला तोंड उघडायला!

मोहिनी मॅडमचा फोन. नरडाण्याच्या पुढे एक खेडं आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. "पेंटर आहेत का? जुलैत ठरलं होतं ना, शाळेच्या भिंतीवर रेल्वे स्टेशन काढायचं. भिंतीत शिरून गाडी पकडावी असं मुलांना वाटलं पाहिजे. सव्वीस जानेवारीच्या आत करून द्या."

पेंटर आहेत. खाटेवर आहेत. ऑगस्टमध्ये कानबाईचा सण झाला, कानबाई उठल्या आणि चार दिवसांनी लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं — तिन्ही एका सकाळीत गेली. हेच मॅडमना सांगायचं होतं. आणि तोंडातून काय निघालं? "हो मॅडम, करू की."

करू म्हणजे कोण? सासूबाई तर सत्तरीच्या. उरले मी.

नवलला सांगितलं नाही. (वहीत मी नवऱ्याला नावानेच लिहिते, अरे-तुरेच करते. तोंडाने कधी केलं नाही. वही काय कुणाला सांगायला जाते!)

४ डिसेंबर

मॅडमना फोन करून नाही म्हणायचं होतं. केला नाही.

५ डिसेंबर

एकोणीस वर्षं आमचं काम असं — रेघ त्याची, रंग माझा. तो पाटीवर निळीची दोरी झटकायचा, अक्षरांची कड काढायचा आणि पुढच्या पाटीकडे जायचा. मागून मी भरत जायचे. "कडेच्या बाहेर जायचं नाही," एवढंच माझं शिक्षण. धुळ्यातल्या किती दुकानांची अक्षरं मी भरलीत! आणि त्यातल्या एकाही अक्षराची कड माझी नाही. पुढे फ्लेक्स आलं, दुकानं गेली, शाळांच्या भिंती तेवढ्या राहिल्या. भिंतीवरही तेच. हत्ती त्याचा, करडा रंग माझा.

आज त्याची पेटी उघडली. जुलैत काढलेलं स्टेशन सापडलं, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या मागे. रूळ, फलाट, विजेचे खांब. खाली रुंद, वर जाता जाता निमुळतं. सगळ्या रेघा कुठेतरी पळत सुटल्यात. कुठे, ते त्याच्या डोक्यात. आणि डोक्यातलं बाहेर यायची वाट बंद.

पत्रिका घेऊन खाटेजवळ बसले. म्हटलं, "काम मी घेतलंय. हे कसं करायचं, खुणेने तरी सांगा." त्याचं तोंड भिंतीकडे. खाट एका अंगाने भिंतीला लावलेली आहे, आणि आजारी पडल्यापासून तो सारखा भिंतीकडेच तोंड करून असतो. अक्का — सासूबाईंना सगळी गल्लीच अक्का म्हणते — म्हणाल्या, "त्याले लाज वाटस. हात गया ना त्याना." इतके दिवस मलाही तेच वाटायचं. आज वाटलं, लाज नाही, राग आहे. माझ्यावर! त्याची रेघ मी मारायला निघाले म्हणून.

मला भिंत जमेल, न जमेल. पण त्याने एकदा बघावं. चांगलं नको म्हणू, मान हलवून वाईट म्हण. पण बघ.

७ डिसेंबर

रूपाने — लेक, नाशिकला कॉलेजात — फोनवर दहा-बारा व्हिडिओ पाठवले. "मम्मी, यूट्यूबवर सगळं असतं."

सगळं असतं, खरंय. पहिल्यात एक हात दहा मिनिटांत आख्खं शहर काढून मोकळा झाला. का, कसं — एक शब्द नाही. मागे गाणं. दुसऱ्यात एक भाऊ अर्धा वेळ "सबस्क्राइब करा" म्हणत होते, उरलेल्या अर्ध्यात त्यांनी ठोकळा काढला. तिसऱ्यातला म्हणाला, अमुक कंपनीचीच पेन्सिल लागते. चौथ्याने एकदम तीन-तीन बिंदू मांडले, मी पहिल्याशीच अडखळलेली. मोबाइल आपटावासा वाटला.

सातवा मात्र! परदेशातला म्हातारा, इंग्रजीत बोलत होता, मला ओ की ठो कळलं नाही. कळायची गरजच पडली नाही. त्याने फळ्यावर एक टाचणी टोचली. टाचणीला दोरा बांधला. दोरा ताणून फिरवत गेला आणि जिथे थांबला तिथे रेघ मारली. रस्त्याची कड — त्याच टाचणीतून. घरांची छपरं — त्याच टाचणीतून. खिडक्यांचे वरचे काठ, खालचे काठ, सगळं त्या एका टाचणीतून!

मी उठून उभीच राहिले. अहो, हे तर आमच्याच घरातलं! खिळा आणि दोरी! एकोणीस वर्षं दोरीचं दुसरं टोक मीच धरत आले. फक्त आमच्या दोऱ्या एकमेकींना समांतर असायच्या, कारण अक्षरं काही लांब जात नाहीत.

तो व्हिडिओ पाच वेळा बघितला. भाषा नाही कळली तरी माणूस शिकवू शकतो!

१० डिसेंबर

स्टेशनरीच्या दुकानातून चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचं गाइड आणलं. दुकानदार म्हणाला, "मुलगी बसतेय का परीक्षेला?" म्हटलं, "मीच बसतेय." त्याला वाटलं चेष्टा.

त्यात चारच पानं आहेत या विषयाची. छपाई अशी की रेघ कुठली आणि शाईचा डाग कुठला, कळत नाही. पण शब्द मिळाले. यथार्थदर्शन. क्षितिजरेषा. आणि टाचणीचं नाव — लोपबिंदू. सगळं जिथे लोप पावतं तो बिंदू. "प्रेक्षकाच्या डोळ्याची पातळी हीच क्षितिजरेषा होय." पाठ केलं. कळलं नाही.

पोळ्या लाटताना घोकत होते — लोपबिंदू, लोपबिंदू. अक्का घाबरल्या. "तुले बी व्हयना का? मना त मोतीबिंदू शे, तुना हाऊ कोनता बिंदू?" हसता हसता पोळी करपली.

१२ डिसेंबर

आज दिसलं.

नवलला व्यायामाला नेलं होतं. दवाखान्याचा लांब व्हरांडा, मी चाकाची खुर्ची ढकलत होते. वर ट्यूबलाइटची ओळ — ती खाली उतरतेय. खाली फरशीच्या रेघा — त्या वर चढतायत. दोन्ही बाजूंची दारं आत आत सरकतायत. आणि सगळी मिळून तिकडे टोकाला, पाण्याच्या पिंपापाशी, एका जागी चाललीत! कुणी बोलावल्यासारखी.

इतक्या महिन्यांत या व्हरांड्यातून किती वेळा गेले असेन! व्हरांडा तोच होता. मी बघत नव्हते. मधेच थांबले तर मागच्या बाई म्हणाल्या, "ताई, सरका ना बाजूला." सरकले. तर ते ठिकाणही माझ्याबरोबर सरकलं! जग एवढं शिस्तीत मांडलेलं आहे आणि मला एकेचाळीस वर्षं पत्ता नाही.

नवलला म्हटलं, "दिसतंय का तुम्हाला?" तो डावीकडच्या खिडक्या बघत होता. बघू दे.

नवल वाटलं, असं लिहिणार होते. त्याचंच नाव येतं.

१५ डिसेंबर

जळगावला जाऊन आले. मोहिनी मॅडमना शेवटी खरं ते सांगितलं, तेव्हा त्यांनीच नंबर दिला होता. फैजपूरला त्यांना चित्रकला शिकवणारे तोताराम सर आता जळगावात मुलाकडे असतात, वय ऐंशी. म्हटलं, एखादं चांगलं मराठी पुस्तक मागून आणू.

पारोळ्यापर्यंत जागा नाही, मग खिडकी मिळाली. रस्त्याकडेला कपाशीच्या ओळी. बस पुढे जाते तशा त्या ओळी घडीच्या पंख्यासारख्या उघडतात, मिटतात! समोर येते ती ओळ क्षणभर सरळ उघडी, आतपर्यंत, आणि लगेच मिटली. एरंडोल कधी गेलं कळलं नाही.

सरांच्या कपाटात पुस्तकं होती. एक जाडजूड इंग्रजी काढून माझ्यासमोर ठेवलं. इमारतीच इमारती, त्यावर जाळीसारख्या रेघा. म्हणाले, "हे वाचून मी पास झालो. पन कळलं मले बापाच्या केळीत."

मग सांगायला लागले. "बापानं दोरी धरून केळी लावेल. पाच फुटावर पाच फूट. मी असीन आठ-नऊ वर्सांचा. बांधावर उभा राह्यलो तं ओळी तिकडे एक होऊन राह्यल्या! मी म्हनलं, बाबा, तुमची लागवड वाकडी झाली. बापानं कानाखाली वाजोली. मंग माह्या हातात काठी देली, पाच फुटाची. म्हने, जाय, मोजत जाय. मोजत मोजत शेवटलोक गेलो. सगयीकडे पाच फूटच! आन् मांघं वळून पाह्यलं तं काय — जठी मी पहिले उभा होतो ना, ओळी तठी जाऊन एक झाल्या!"

सर स्वतःच थक्क होऊन माझ्याकडे बघत होते. सत्तर वर्षं झाली त्या गोष्टीला, आणि यांचं आश्चर्य अजून संपलेलं नाही!

पुस्तक मागितलं तर हसले. "कशाले शोधते पुस्तकं? घरात काचीची खिडकी हाये ना? हनुवटी टेकव, एक डोया झाक, आन् जे दिसते ते काचीवरच गिरव. डोकं हालू द्यू नको. डोकं हाललं का चित्र गेलं." निघताना पुन्हा दारापर्यंत आले. "रेघ मंग. आंधी डोया कुठी हाये ते ठरव."

१६ डिसेंबर

खिडकी! खिडकी!

खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवली. डावा डोळा झाकला. पांढऱ्या रंगात बारीक ब्रश बुडवून काचेवर गल्ली गिरवत गेले. समोरच्या कंपाउंडची वरची कड — मी समजत होते आडवी असेल. ती तर घसरगुंडीसारखी खाली! गटाराची कड वर. विजेचे तीन खांब — पहिला माझ्या वितीएवढा, तिसरा करंगळीएवढा. हाताला पटत नव्हतं. पटो न पटो, गिरवत गेले.

झाल्यावर डोकं उचललं — सगळं विस्कटलं. काचेवर नुसत्या पांढऱ्या रेघोट्या, बाहेर गल्ली, दोघांचा काही संबंध नाही. पुन्हा हनुवटी टेकवली. एक डोळा झाकला. आणि गल्ली हळूच येऊन माझ्या रेघांत बसली! नेमकी! एक केसभर फरक नाही!

रडू आलं मला. खोटं कशाला लिहू. आयुष्यात पहिल्यांदा मी कड काढली होती, आणि कडेच्या आत साक्षात आमची देवपूरची गल्ली.

अक्कांना बसवलं. त्यांनी हनुवटी टेकवली, डोळा झाकला, थोडं इकडे-तिकडे केलं आणि ओरडल्याच, "अय माय! बठ्ठी गल्ली इठेच शे!"

मग ते चित्र कागदावर उतरवून नवलकडे नेलं. नेहमीसारखी त्याच्याजवळ स्टुलावर बसले, कागद धरला. "बघा ना. मी काढलंय." भिंत. भिंतीत काय आहे एवढं? पोपडे आहेत.

१९ डिसेंबर

शाळेची भिंत बघायला गेले होते. परत येताना नरडाण्याच्या फलाटावर मुद्दाम थांबले, खरं स्टेशन बघायला. तिथे गाइडमधलं ते वाक्य उभंच होतं माझ्यासमोर!

फलाटावर बायका उभ्या होत्या, जवळ, लांब, अगदी टोकाला. जवळचीचे पाय खाली, लांबचीचे पाय वर. पण डोकी — माझ्याएवढ्या उंचीच्या सगळ्यांची डोकी एका रेषेत! जवळची असो की फर्लांगभर लांबची. जशी काही दोरी ताणून लावलीत. आणि मागे लांबवरची जमीन जिथे आभाळाला टेकते, तीही त्याच रेषेत. माझ्या डोळ्यांच्या रेषेत.

खाली बसले. क्षितिज बसलं! उभी राहिले, उभं राहिलं. पुलाच्या जिन्यावर चढले तर पायरी पायरीने माझ्याबरोबर वर आलं. चार वेळा चढले-उतरले. हमाल म्हणाला, "मावशी, काही हरपलं का?" काय सांगू त्याला! हरपलं नाही, सापडलंय.

एवढं मोठं क्षितिज, आणि ते माझ्या डोळ्याला बांधलेलं. माझ्या!

२१ डिसेंबर

आज वांग्याचं भरीत केलं होतं, त्याच्या आवडीचं. ताटात डावीकडचा ठेचा चाटूनपुसून खाल्ला, मधली कळण्याची भाकरी खाल्ली, उजवीकडे वाढलेलं भरीत तसंच. एक घास नाही. माझ्या हातचं भरीतही आता नको झालं. रुसवा तरी किती!

२८ डिसेंबर

भिंतीवर पांढऱ्या रंगाचा हात झाला. वीस फूट लांब, नऊ फूट उंच. आज खिळा ठोकला, माझ्या डोळ्याच्या उंचीवर. दोरीला नीळ लावली. दुसरं टोक धरायला मोहिनी मॅडम स्वतः उभ्या राहिल्या, नव्या साडीवर नीळ उडवून घेतली. पहिला रूळ — झटक! दुसरा — झटक! फलाटाची कड — झटक!

संध्याकाळच्या बसने परत येताना बोटं निळी होती. ती बघत बसले.

३० डिसेंबर

भांडण!

शाळेसमोर रुपचंद नाना राहतात. रेल्वेत ट्रॅकमन होते, चौतीस वर्षं रूळ तपासले. आज काठी टेकत आले, भिंतीसमोर उभे राहिले आणि संतापलेच. "हाई काय शे? रूळ जवळ जवळ कसा काय येई ऱ्हायना? गाडी पडी जाई ना!"

म्हटलं, "नाना, लांबचं असं दिसतं."

"दिसाले काय बी दिसो! साडेपाच फूट म्हन्जे साडेपाच फूट. एक बोट इकडे नही, एक बोट तिकडे नही. चौतीस वरीस मी तेच मोजं. पोरेसले काय खोटं शिकाडशी?" आणि वीत लावून मोजायलाच लागले — खाली दोन हात, मधे एक वीत, वर चार बोटं. "दख! दख! चार बोटं! मानसं मरतीन!"

मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही. या माणसाने आयुष्यभर ते दोन रूळ एकमेकांजवळ येऊ दिले नाहीत, म्हणून गाड्या चालल्या. आणि मी चार दोऱ्या झटकून ते एका खिळ्यात नेऊन बांधले. त्यांचं खरं आहे. माझंही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरी कशी असतात, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

काठी आपटत गेले.

६ जानेवारी

चुकलं. सगळं चुकलं.

रूळ, फलाट, खांब, शेड — रंगवून निम्मं झालं होतं. जेवायला वर्गापुढे जमिनीवर बसले आणि भाकरीचा घास हातात घेऊन वर बघितलं. रूळ डोंगर चढत होते! फलाट अंगावर उलटल्यासारखा. उभी राहिले — बरोबर. बसले — डोंगर.

खिळा माझ्या डोळ्याच्या उंचीवर ठोकला होता. आणि बघणार कोण? पहिली-दुसरीतली पोरं! त्यांचा डोळा माझ्या कमरेला! सर सांगत होते ना, आधी डोळा कुठे आहे ते ठरव. मी ठरवला — माझाच! दुसऱ्या कुणाला डोळे असतात हे डोक्यातच आलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "चालेल हो, छान दिसतंय. दिवस थोडे आहेत." म्हटलं, चालणार नाही. मोठं माणूस बघून जातं, पोरं रोज बघतात. पांढऱ्याचा डबा उघडला आणि आठ दिवसांचं काम झाकून टाकलं. वाईट वाटलं, पण आत कुठेतरी आनंदही होता. खिळा दोन फूट खाली गेला की सगळं जग बदलतं! काय ताकद आहे ही!

खिळा तीन फुटांवर ठोकला.

९ जानेवारी

आज मी फार वाईट वागले. लिहून ठेवते.

नव्या रेघांचा फोटो मोबाइलमध्ये मोठा करून नवलला दाखवायला गेले. स्टुलावर बसले. "बघा, पहिलं पुसलं. पुन्हा केलं. आता बरोबर आलंय." तोंड भिंतीकडे. "बघा ना." भिंत. मग माझं डोकंच फिरलं. ओरडले, "नसेल बघायचं तर नका बघू! तुमच्याशिवाय रेघ उभी राहिली, हेच डाचतंय ना? मरेपर्यंत भिंतच बघा!"

तो दचकला. डोळे छतावर फिरत राहिले, आवाज कुठून आला ते शोधत असल्यासारखे. मग पुन्हा भिंत. डोळ्यांत पाणी होतं.

अक्कांनी मला चार शब्द सुनवायला हवे होते.

१० जानेवारी

माफी मागितली. उशीशी वाकून, कानात. त्याने डाव्या हाताने चाचपत माझी वेणी पकडली आणि किती तरी वेळ सोडली नाही. म्हणजे राग नाही? मग बघत का नाही?

१७ जानेवारी

रुपचंद नाना आले होते. मला वाटलं, आता पुन्हा रुळांमधलं अंतर मोजणार. लांब उभे राहिले. मग काठी बाजूला ठेवली आणि कसेबसे गुडघ्यांवर बसले, पार खाली, गाल जमिनीला टेकेल इतके. एक डोळा मिटला. रूळ सरळ आहे की नाही, ते असंच बघायचे म्हणे, रोज, चौतीस वर्षं. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं! तोताराम सरांची काच यांच्याकडे नव्हती, एवढंच.

मग विचारलं, "त्या ठिपकाले काय म्हनतस?"

"लोपबिंदू, नाना. सगळं तिथे नाहीसं होतं."

मान हलवली. "नही बेटा. तठे काहीच नाहीसं व्हत नही. गाडी तठूनच येस. मी चौतीस वरीस त्या ठिपकाकडेच दखत उभा ऱ्हायनू. ठिपका मोठा व्हवाले लागना का रूळ सोडना, बाजूले व्हना. एक बार नजर चुकनी, त मानूस गया."

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. गाइडमध्ये लिहिलंय, लोप पावतं. टाचणीवाला म्हातारा, मी, सगळे इकडून तिकडे रेघा नेत होतो. आणि हा माणूस आयुष्यभर तिकडून इकडे बघत होता! बिंदू तोच, रेघा त्याच.

मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "मना नको पडू, त्या खांबाना रंग निथळी ऱ्हायना, तो पुस." खरंच निथळत होता.

२४ जानेवारी

झालं. ठिपक्याच्या जागी गाडी काढली. एवढीशी. तोंड आपल्याकडे.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर भिंतीवरचं कापड काढलं. सरपंच म्हणाले, "छान, छान." समारंभाला आलेले पाहुणे उंच होते, त्यांना थोडं विचित्रच दिसलं असेल. पण पहिलीची पोरं! धावत भिंतीपाशी आली. मग एक जण पुढे झाला आणि फलाटावर पाय ठेवायला गेला! भिंतीला अंगठा आपटला. रडला नाही. पुन्हा मागे गेला, बघितलं, आणि पुन्हा पाय ठेवायला आला.

मी कोपऱ्यात उभी होते. एवढं आश्चर्य या हातांतून निघालं? मला अजून पटत नाही.

एकाच माणसाने बघितलं नाही. फोटोही नाही. पोरांसाठी खिळा खाली आणला, त्याच्यासाठी कुठे नेऊ?

३० जानेवारी

अक्कांना मोतीबिंदूच्या शिबिरात नेलं. नवलला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून खुर्चीत घालून त्यालाही. तिथल्या डॉक्टर मुलीने सहज त्याच्या डोळ्यांपुढे पेन फिरवलं. डावीकडून आणलं, डोळे लगेच पेनावर. उजवीकडून आणलं — काही नाही. नाकासमोर येईपर्यंत काहीच नाही. दोनदा केलं, तीनदा केलं. मग मला म्हणाली, "लकव्यात यांच्या दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेलीय. तिकडचं यांना दिसतच नाही. घरी तुम्ही कोणत्या बाजूला बसता?"

घरी येऊन खाट फिरवली. भिंत त्याच्या उजवीकडे गेली. कागद घेऊन मी पहिल्यांदाच डावीकडे बसले.

आधी त्याने माझ्याकडे बघितलं. किती तरी वेळ. मग चित्राकडे.